सायकल वाढत्या अंगाची घेऊ नका

अमरावती असो की अकोला, दुकानात आपण म्हणतोच: ‘मोठीच द्या भाऊ, पोट्टी वाढून रायली!’ पण सायकल म्हणजे फ्रॉक नव्हे. फ्रेम मोठी असली, तर अचानक थांबताना पाय टेकत नाही आणि पोरगी पडते.

आपण उंची बघतो. बघायची असते टांग. सारख्या उंचीच्या दोघींत एकीचे पाय लांब, दुसरीची पाठ लांब असते. भिंतीला टेकून, अनवाणी उभं करा. मांड्यांमध्ये वही वरपर्यंत आडवी धरा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा, ७५ सेंमी भरलं. त्याला ०.८८३ नं गुणा, साधारण ६६. पायडलच्या दांड्या जिथं फ्रेमला जोडतात, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. शिकताना थोडं कमीच. सीट पूर्ण खाली करूनही अंतर जास्तच राहिलं, तर ती फ्रेम मोठी. परत करा.