लाकूड वाळेपर्यंत हप्ता थांबत नाही

मैत्रिणींनो, आपल्या मुळशीत सुतारकाम काही नवं नाही. नांगर, कुळव, पाभर, दाराची चौकट सुतारदादा वर्षभर करून द्यायचे आणि सुगीला बलुतं म्हणून भात न्यायचे. आता बलुतं गेलं. गिऱ्हाईक आहे ते भूगाव, हिंजवडीचं, नाहीतर धरणाकाठच्या बंगल्यांचं. त्यांना खऱ्या लाकडाचं स्टूल, टेबल, झोपाळा हवा असतो. 'घरच्या या धंद्यासाठी गटातून कर्ज घेऊ का?' असं काही जणी विचारतात. घ्या की! पण आधी लाकडाचं वेळापत्रक समजून घ्या.

ओलं लाकूड स्वस्त मिळतं आणि तिथंच फसायला होतं. आमच्याच घरी एका बंगल्याचं टेबल आंब्याच्या ओल्या फळ्यांचं करून दिलं. मार्चमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. टेबल परत आलं, पैसेही परत द्यावे लागले. इंचभर जाड फळी सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं, असा जुना हिशेब आहे. लाकडाप्रमाणे कमीजास्त होतं. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली, की वाळणं जवळपास थांबतंच.

म्हणून ओंडका पावसाळा संपल्यावर घ्या आणि लगेच फळ्या पाडून घ्या. आंब्याचा ओंडका तसाच पडून राहिला तर बुरशी आणि भुंगा लागतो. फळ्या जमिनीपासून फूटभर उंच रचा, दोन थरांमध्ये इंचभराच्या पट्ट्या ठेवा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. फळीच्या टोकांना ऑइलपेंट लावला की टोकं कमी तडकतात. वाळलं का ते बघायला यंत्र नको. थप्पीच्या मधली एक लहान फळी दर आठवड्याला काट्यावर तोला आणि वहीत लिहा. तीन-चार आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तयार. पावसाळ्यातलं वजन मात्र धरू नका.

आता खरी अडचण. गटाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो आणि लाकूड थप्पीत पडून असतं. सगळं कर्ज ओंडक्यात घातलं, तर हप्ता कशातून भरणार? मग घाईनं ओलंच लाकूड कामाला लागतं. त्यापेक्षा थोडेच पैसे ओल्या लाकडात घाला. बाकीच्यातून वाळलेलं लाकूड किंवा कारखान्यातली जुनी पॅलेटं घ्या. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नका, चुलीतही घालू नका. आणि कर्ज मागतानाच सभेत बोला, की पावसाळ्याचे चार महिने नुसतं व्याज भरलं तर चालेल का. नंतर हप्ता चुकवण्यापेक्षा हे बरं.

आपल्याच बांधावरचं झाड असलं तरी साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, हिरडा तोडायला 1964 च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

किमतीचं सांगते. समजा एका स्टुलाला लाकूड 600, खिळे-डिंक-पॉलिश 150, वीज आणि पातं 80, वाहतूक 100 रुपये. झाले 930. गिऱ्हाईक म्हणतं 1,800 ला द्या. 870 सुटले म्हणून आपण खूश! पण मालकांचे दीड दिवस, 800 रुपये रोजानं 1,200. तुम्ही अर्धा दिवस घासकाम आणि पॉलिश केलंत त्याचे 200. म्हणजे स्टूल पडलं 2,330 ला, 530 रुपये घरातूनच गेले. तुमचे 200 वहीत लिहिलेले कुठल्याच घरी मी पाहिले नाहीत, आमच्याही नाही. आता लिहिते.

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, फेड 18 महिन्यांत. हप्त्याचा प्रश्न इथंही तोच. नोंद मात्र कुटुंबातून एकाचीच होते, तेव्हा कोणाच्या नावानं करायची हे घरात बसून ठरवा. रंधा तुम्हीही चालवत असाल तर तुमचंही नाव पुढं करा. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड घेऊन सीएससी केंद्रात जा. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते.