प्राण्यांचा स्वस्त दवाखाना सुरू झाला, पण डॉक्टर टिकतील का?

तुमच्या भागात प्राण्यांसाठी कमी खर्चातला दवाखाना सुरू झाला, तर तुम्हाला आनंदच होईल ना? केसपेपर थोडक्या पैशांत, लस परवडेल अशी, भटक्या कुत्र्या-मांजरांवर मोफत उपचार. फीत कापली जाते, फोटो काढले जातात. आणि काही महिन्यांनी दारावर पाटी लागते, ‘डॉक्टर उपलब्ध नाहीत’.

इमारत असते, तपासणीचं टेबल असतं, फ्रीजमध्ये लसीही असतात. नसतो तो फक्त पशुवैद्य. तो मिळावा आणि मिळाला की टिकावा, यासाठी काय करावं लागतं? याचं एक छान उत्तर मराठी माणसाच्याच इतिहासात आहे. मात्र ते शोधायला महाराष्ट्राबाहेर, थेट तमिळनाडूतल्या तंजावरला जावं लागतं.

सरफोजीराजांची युक्ती

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. याच घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. १७९९ च्या करारानं राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांनी मग आपलं लक्ष विद्येकडे आणि वैद्यकाकडे वळवलं. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, ते आजही आहे. तिथे हत्ती आणि घोड्यांवरची जुनी सचित्र हस्तलिखितंही जपली आहेत. राजांनी ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकीय संस्थाही सुरू केली. तिथे माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधं तयार होत असत!

आपल्या विषयाशी त्याहून जवळची गोष्ट आहे ती छत्रांची. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि निवारा मिळे. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून या छत्रांचं काम समजावून सांगितलं होतं. तिथे शिक्षक असत आणि आजार, सूज, विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्यही नेमलेले असत.

इथे ‘नेमलेले’ हा शब्द महत्त्वाचा. छत्रांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिलेल्या होत्या आणि त्यांच्या उत्पन्नावर छत्रं चालत. यात्रेकरूला काही द्यावं लागत नसे, पण म्हणून वैद्य फुकट राबत नव्हता. सेवा मोफत होती, तरी सेवा करणाऱ्याची सोय आधी लावलेली होती. आपण नेमकं हेच विसरतो.

आजचा हिशेब

तंजावरजवळच्या ओरथनाडू इथे १८०२ मध्ये सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र बांधलं. योगायोग असा, की त्याच ओरथनाडूत २०१२ पासून सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सगळा भाग कावेरीच्या मुखाकडचा, भातशेतीचा. इथल्या चिखलाच्या शेतात राबणारी उंबळाचेरी ही गोवंशाची स्थानिक जात. म्हणजे अशा ठिकाणी दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांपुढे सकाळी शेळी, दुपारी कुत्रा आणि संध्याकाळी अडलेली गाय येऊ शकते.

आता एक साधं गणित करू. समजा, दवाखान्यात रोज २० प्राणी येतात आणि फी १०० रुपये आहे. २५ दिवसांचे होतात ५०,००० रुपये. यात औषधं, वीज, जागेचं भाडं, मदतनीस आणि डॉक्टरांचा पगार बसवा. बसतो का? साडेपाच वर्षं शिकून आलेला तरुण अशा पगारावर किती दिवस राहील? चांगली नोकरी मिळाली की तो जाणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

डॉक्टर शोधताना

तुमची संस्था, सोसायटी किंवा मित्रमंडळ असा दवाखाना काढत असेल, तर एवढं नक्की करा:

• किमान एका वर्षाच्या पगाराची तरतूद आधी करा, जाहिरात नंतर द्या.

• जाहिरातीत ‘सेवाभावी डॉक्टर हवेत’ एवढंच लिहू नका. पगार, वेळ, सुट्टी आणि कोणते प्राणी येतात, हे स्पष्ट लिहा.

• पूर्ण वेळ डॉक्टर मिळत नसतील, तर दोघांना दिवस वाटून द्या. एकावर सगळा भार पडत नाही आणि एक गेला तरी दार बंद होत नाही.

• प्राणी धरायला शिकलेला मदतनीस हवाच. डॉक्टर आणि मदतनीस दोघांनाही रेबीजची प्रतिबंधक लस आधीच द्या.

• नोंदणी तपासा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करायला नोंदणी लागते.

• जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाशी बोला. नुकतेच पदवीधर झालेले तरुण तिथेच भेटतील. पण नव्या डॉक्टरला अडल्यावेळी फोन करता येईल असा एक अनुभवी डॉक्टरही जोडून द्या.

आणि आपण काय करायचं?

दवाखाना चालवणं फक्त संस्थेचं काम नाही. ठरलेली फी आहे ती द्या, त्यात घासाघीस करू नका. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. तातडीचं नसेल, तर रात्री डॉक्टरांना फोन करू नका. गाय, म्हैस, शेळी आजारी असेल आणि दवाखाना लांब असेल, तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा टोल फ्री क्रमांक लक्षात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देणगी. आपल्याला पंखा, बाक, रुग्णवाहिका द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव लिहिता येतं. डॉक्टरांच्या पगारावर कुणाचं नाव लिहिलं जात नाही. पण रात्री तापानं फणफणलेल्या पिलाला पंखा वाचवत नाही, डॉक्टर वाचवतो. पुढच्या वाढदिवसाला काही द्यायचं मनात असेल, तर जवळच्या दवाखान्यात जाऊन एवढंच विचारा, “डॉक्टरांच्या पगारासाठी दर महिन्याला थोडी रक्कम दिली तर चालेल का?”

दोनशे वर्षांपूर्वी तंजावरला जे जमलं, ते पाच-पन्नास घरांनी मिळून ठरवलं तर तुमच्या भागातही जमेल. हा लेख तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नक्की पाठवा. सुरुवात तिथूनच होऊ दे!