पायदळाचे पोलादी वाहन

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांचे रणगाडे प्रथम अवतरले. काटेरी तारा तुडवीत आणि खंदक ओलांडीत ते पुढे गेले. पण मागून पायी येणाऱ्या शिपायाला मशीनगनच्या गोळ्यांपासून आडोसा मिळेना. रणगाडा शत्रूची फळी फोडू शकतो. परंतु जिंकलेली भूमी हाती ठेवावयाची तर ते काम पायदळाचेच. रणगाडा पुढे आणि शिपाई मागे, अशी ताटातूट झाली की दोघेही असहाय होतात. ही ताटातूट टाळावी कशी, या प्रश्नातूनच पायदळाच्या चिलखती वाहनाचा जन्म झाला.

त्याचे एक परिणामकारक उत्तर १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत सापडले. कॅनडाचे सेनानी गाय सायमंड्स यांनी 'प्रीस्ट' नावाच्या फिरत्या तोफगाड्यांवरील तोफा काढविल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत शिपाई बसविले. या तोफगाड्यावरील मशीनगनची जागा चर्चमधील प्रवचनाच्या व्यासपीठासारखी दिसे, म्हणून त्यास 'प्रीस्ट', म्हणजे धर्मगुरू, हे नाव पडले होते. ज्या कार्यशाळेत हा बदल झाला तिचे सांकेतिक नाव 'कांगारू' होते. तेच नाव नव्या वाहनास चिकटले, आणि पोटाच्या पिशवीत पिलू वाहून नेणाऱ्या प्राण्याचे ते नाव त्याला शोभलेही. ७ ऑगस्टच्या रात्री काँ शहराच्या दक्षिणेस ही वाहने शिपायांना घेऊन रणगाड्यांच्या बरोबरीने शत्रूच्या फळीत शिरली.

पुढे १९६० मध्ये अमेरिकेने एम-११३ हे वाहन सैन्यात आणले. त्याचे चिलखत पोलादाचे नव्हे, ॲल्युमिनियमचे. त्यामुळे दोन चालक-कर्मचारी आणि अकरा शिपाई वाहूनही ते पाण्यावर तरंगे. या वाहनामागील कल्पना साधी होती : शिपायांना युद्धभूमीपर्यंत सुखरूप न्यावे, तेथे त्यांनी उतरून लढावे. परंतु रणांगणावर ही सीमारेषा टिकली नाही. २ जानेवारी १९६३ रोजी व्हिएतनाममधील आप बाक येथे दक्षिण व्हिएतनामी सैन्याने हीच वाहने थेट हल्ल्यात घातली. वरची मशीनगन चालविणाऱ्या शिपायाचा कमरेवरचा देह उघडाच असे, आणि असे कित्येक जण त्या दिवशी प्राणास मुकले. त्यानंतर त्या जागी पोलादी ढाली बसविण्यात आल्या.

वाहतुकीचे साधन हे लढण्याचेही साधन असावे, हा विचार सोव्हिएत रशियाने पूर्णत्वास नेला. १९६७ मध्ये मॉस्कोच्या संचलनात जगाने बीएमपी-१ हे वाहन पाहिले. त्यावर ७३ मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र होते. आत बसलेल्या आठ शिपायांना बाहेर न पडता गोळीबार करता यावा म्हणून बाजूंना झरोके ठेवले होते. अणुयुद्धाने दूषित झालेल्या प्रदेशातून बंद वाहनातच पुढे जावे लागेल, हे गृहीत धरून त्याची रचना केलेली होती. पश्चिम जर्मनीने १९७१ मध्ये 'मार्डर' आणि अमेरिकेने १९८१ मध्ये 'ब्रॅडली' ही आपली लढाऊ वाहने सैन्यात आणली.

तथापि जे कवच रक्षण करते तेच कधी सापळाही ठरते. बीएमपी-१ ची उंची कमी राखण्यासाठी इंधनाची मुख्य टाकी शिपायांच्या आसनांमध्येच ठेवलेली होती आणि मागील दरवाजांच्या पोकळीतही इंधन भरीत. अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटाने वाहन फुटे तेव्हा आत बसणे प्राणघातक ठरे. म्हणून सोव्हिएत शिपाई पुष्कळदा वाहनाच्या टपावर बसूनच प्रवास करीत. डोंगरमाथ्यावरील शत्रूवर रोखण्याइतकी त्याची तोफ वर उचलली जात नसे. बीएमपी-२ या पुढील वाहनावरील ३० मिलिमीटरच्या तोफेने ही दुसरी उणीव भरून काढली.

मग चिलखत जाड का करू नये? कारण वजन. पहिल्या ब्रॅडलीला पाण्यातून जाता येई. चिलखत वाढत गेले तशी ती शक्ती गेली. जर्मनीचे अलीकडचे 'पुमा' संपूर्ण चिलखतासह सुमारे ४३ टनांचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील टी-३४ या रशियन रणगाड्याहूनही जड आहे. आणि त्यात शिपाई मावतात ते अवघे सहा. इतक्या वजनाला नदीवरचा प्रत्येक पूल पेलतोच असे नाही.

भारतात 'मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट' १९७९ मध्ये उभी राहिली. तिचे केंद्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे आहे. बीएमपी-२ ची भारतीय आवृत्ती 'सारथ' ही हैदराबादनजीकच्या मेदक येथील कारखान्यात तयार होऊ लागली. वजनाने सुमारे १४ टन असल्याने ती कालवे व नद्या तरून जाऊ शकते. नद्या-कालव्यांच्या सीमाप्रदेशात हा गुण मोलाचा आहे. परंतु त्याची किंमत पातळ चिलखताच्या रूपाने मोजावीच लागते.

एवंच, संरक्षण, मारा, वेग आणि माणसांची संख्या यांपैकी एक पारडे जड केले की दुसरे हलके होतेच. हे माप आराखडा करणारा कागदावर ठरवितो. त्याचा ताळेबंद मात्र मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या शिपायाला चुकता करावा लागतो.