शिकागोत बिऱ्हाड करताना

सोयाबीनचा भाव चढला किंवा पडला की बाजार समितीच्या आवारात शिकागोचे नाव निघते. धान्याचे सौदे करणारी तिथली बाजारपेठ १८४८ साली सुरू झाली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी हे शहर वसले आहे, आणि त्या राज्यात मैलोन् मैल मका आणि सोयाबीन पिकतो.

आता हे नाव आपल्या घरात आणखी एका कारणाने येऊ लागले आहे. आपली मुले-मुली तिथे शिकायला जातात. कोणी सातबाऱ्यावर बोजा चढवून पैसा उभा करतो, कोणी दागिने मोडतो. विमानाचे तिकीट हाती येते आणि एके दिवशी मुलगा सांगतो, "बाबा, चौघांनी मिळून फ्लॅट बघितलाय. आज रात्री सही करायची आहे." इंग्रजी आपल्याला कळत नाही म्हणून तुम्ही म्हणता, "तुला बरे वाटेल ते कर."

असे म्हणू नका. खंडाने जमीन देण्याघेण्याचा कागद तुम्ही पाहिला आहे, सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिला आहात. सही म्हणजे काय, हे मुलापेक्षा तुम्हाला अधिक कळते. ते शहाणपण इथेच वापरायचे आहे.

आधी घर, मग पैसा

बैल दात पाहिल्याशिवाय घेत नाहीत. घराचेही तसेच. जाहिरातीत सुंदर फोटो, भाडे मात्र आजूबाजूपेक्षा निम्मे, आणि "मी परगावी आहे, पैसे पाठवा, चावी टपालाने पाठवतो" असे कोणी म्हणाले, तर तो फसवणुकीचा डाव समजा. तिथे असलेल्या ओळखीच्या मुलाने आत जाऊन घर पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. कोणीच ओळखीचे नसेल, तर पहिले काही दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा तात्पुरत्या खोलीत काढून मग घर शोधावे.

नावावरही जाऊ नका. 'स्टुडिओ' म्हणजे झोपायला, बसायला, स्वयंपाकाला एकच खोली. 'गार्डन अपार्टमेंट' ऐकून बाग डोळ्यांसमोर येते, पण शिकागोत त्याचा अर्थ अर्धे जमिनीखाली असलेले घर. भाडे कमी असते, पण उजेड किती, ओल येते का, हे पाहिलेच पाहिजे.

एकाची सही, चौघांचा बोजा

पुण्या-मुंबईत बहुधा ११ महिन्यांचा करार होतो, तिथे साधारणपणे १२ महिन्यांचा. भाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यायचे. खरी मेख पुढे आहे. चौघांनी एकाच करारावर सह्या केल्या, तर बहुधा प्रत्येकजण पूर्ण भाड्याला बांधलेला असतो. एकाला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तो निघून गेला, तरी त्याचा वाटा मालक उरलेल्या तिघांकडे मागू शकतो. आपल्याकडे कर्जदाराने हप्ता थकवला की जामीनदाराच्या दारी नोटीस येते, तसाच हा प्रकार. म्हणून सोबती निवडताना गावकी-भावकीपेक्षा व्यवहार पाहावा.

मध्येच घर सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे अंगावर येऊ शकते. अशा वेळी आपल्या जागी दुसरा योग्य भाडेकरू आणून देण्याची वाट शिकागोच्या कायद्याने मोकळी ठेवली आहे. मालकाला तो विनाकारण नाकारता येत नाही. पण नव्या माणसाने भाडे बुडवले तर जुन्याची सुटका होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

थंडीचा हिशोब

२० जानेवारी १९८५ रोजी शिकागोत पारा शून्याखाली जवळजवळ ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. दरवर्षी इतके होत नाही, पण हिवाळा लांब आणि कडक असतो. तेव्हा भाडे विचारताना लगेच विचारावे, "घर गरम ठेवण्याचा खर्च यात धरला आहे का?" नसेल तर थंडीच्या महिन्यांत गॅसचे बिल वेगळे भरावे लागते, आणि स्वस्त वाटलेले घर महाग पडते.

घर तापवणे मालकाकडे असेल, तर १५ सप्टेंबर ते १ जून या काळात दिवसा किमान ६८ अंश आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २० आणि १९ अंश सेल्सिअस ऊब त्याने राखलीच पाहिजे, असा शहराचा नियम आहे.

माय-बहिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. फोडणीचा धूर झाला की छताचा भोंगा कर्कश वाजू लागतो. पोरे वैतागून त्याची बॅटरी काढतात. तसे करू नका म्हणून बजावून सांगा. लाकडी जिने आणि बंद खिडक्यांच्या घरात तो भोंगा जीव वाचवतो.

डिपॉझिट परत कसे मिळेल

महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या काळात, १९८६ साली, शिकागोने भाडेकरूंच्या हक्कांचा कायदा केला. त्यानुसार मालकाने डिपॉझिटची पावती द्यायची, त्यावर व्याज द्यायचे आणि घर सोडल्यावर ४५ दिवसांत रक्कम परत करायची. मोडतोडीबद्दल पैसे कापले तर ३० दिवसांत लेखी हिशोब द्यायचा. नेहमीच्या वापराने झालेली झीज त्यात धरता येत नाही. मात्र मालक स्वतः राहतो अशा ६ किंवा कमी घरांच्या इमारतींना आणि शहराच्या हद्दीबाहेरील उपनगरांना हा कायदा लागू नाही. काही मालक डिपॉझिटऐवजी 'मूव्ह-इन फी' घेतात. ती परत मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

राहायला गेल्या दिवशीच भिंती, फरशी, नळ, शेगडी यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवावेत. जमीन मोजून घेताना आपण खुणा रोवून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाचा किंवा मुलीचा फोन आला की एवढेच विचारा. घर कोणी पाहिले? करारावर कोणाकोणाच्या सह्या आहेत? गरम ठेवण्याचा खर्च कोणाचा? डिपॉझिटची पावती मिळाली का? करार वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. त्याला तो सांगता आला नाही, तर सही उद्यावर टाका. एका दिवसाने घर हातचे गेले तर दुसरे मिळेल, पण एकदा केलेली सही मागे घेता येत नाही.