कंद बदलला, पण कढई तीच

डॉक्टरांनी बटाटा कमी करायला सांगितलं की अनेक घरांत पहिला बदल ठरलेला असतो. बटाट्याच्या वेफर्सऐवजी रताळ्याचे वेफर्स येतात आणि फ्रेंच फ्राइजच्या जागी रताळ्याच्या तळलेल्या पट्ट्या. आपण आता पौष्टिक खातोय असं समाधानही मिळतं. प्रत्यक्षात फक्त कंद बदललेला असतो, तेल तेवढंच पोटात जातं. कंदमुळांबद्दलच्या समजांमध्ये सगळ्यात महागात पडणारा हाच आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी असतात आणि तेवढ्याच रताळ्यात 86. म्हणजे रताळं बटाट्यापेक्षा हलकं, ही समजूत इथेच गळून पडते. उकडलेला बटाटा 87 च्या आसपास असतो, त्यात स्निग्धांश जवळजवळ नसतोच. त्याच बटाट्याचे फ्राइज केले की 100 ग्रॅमला 300 च्या वर कॅलरी आणि सुमारे 15 ग्रॅम तेल. वेफर्समध्ये तर वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलच असतं.

हे तेल आत जातं कसं? तळताना फोडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. जोवर वाफ जोरात बाहेर येत असते, तोवर तेलाला आत फारसं शिरता येत नाही. फोड कढईतून बाहेर काढली की ती निवू लागते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काप जितका पातळ, तितकं तेल जास्त. रताळं, बीट, कोनफळ, अळकुडी, कशाचेही पातळ काप तळा, घडतं हेच. ‘भाजीचे चिप्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवरचा दर्शनी मजकूर सोडा, मागचा तक्ता वाचा.

मग बटाटा निर्दोष का? बऱ्याच अंशी, हो. 2025 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आहाराचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीन वेळा फ्रेंच फ्राइज खाण्याशी टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला दिसला. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत तशी ठळक वाढ दिसली नाही. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण त्यातला आणखी एक निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. बटाट्याच्या जागी अख्खं धान्य घेतलं तर धोका कमी दिसतो, पांढरा भात घेतला तर मात्र तो वाढतो. बटाटा सोडून भाताची मूद वाढवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

‘रताळं मधुमेहाला चालतं’ हेही असंच सरसकट सांगितलं जातं. रताळं शिजवलंय कसं, यावर ते ठरतं. जमैकातल्या संशोधकांनी रताळ्याच्या दहा जाती वेगवेगळ्या पद्धतींनी शिजवून तपासल्या. उकडलेल्या रताळ्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने वाढते त्याचं माप, 41 ते 50 निघाला, भाजलेल्यांचा 79 ते 94. रताळ्यात पिठूळ भागाचं माल्टोज या साखरेत रूपांतर करणारं विकर असतं. रताळं हळूहळू तापत गेलं की त्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो. निखाऱ्यात भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं ते त्यामुळेच. महाशिवरात्रीला ते जरूर खावं, पण रोज साखर मोजणाऱ्याने उकडलेलं खाणं बरं. तेही पोळी किंवा भात तेवढा कमी करून. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. त्या हिशेबात बटाटा, रताळं आणि इतर पिष्टमय कंद धरलेलेच नाहीत. ते धान्याच्या रांगेत बसतात.

रताळ्यातल्या अ जीवनसत्त्वाचंही तसंच. ते देणारं बीटा-कॅरोटीन नारिंगी गराच्या रताळ्यात असतं. आपल्या बाजारात जास्त दिसणाऱ्या, लाल सालीच्या पण आतून पांढऱ्या रताळ्यात ते फारच कमी. आफ्रिकेत नारिंगी रताळं घराघरांत पोहोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, कारण तिथल्या मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला ते कामी आलं. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हा नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ हा जांभळा वाण काढला आहे. हे वाण आपल्या मंडईत सहज मिळायला हवेत, असं मला फार वाटतं. ग्राहकांनी मागितले तर ते येतील.

‘गाजर आणि बीट गोड, म्हणून रक्तातली साखर वाढवतात’ हाही असाच एक समज. 100 ग्रॅम गाजरात पाचेक ग्रॅमच साखर असते, जोडीला तंतू असतात. पंचाईत होते ती तूप-साखर घातलेल्या हलव्याने. उलट गाजर किंचित शिजवून, थोड्या तेलाच्या फोडणीत परतलं तर त्यातलं कॅरोटीन अंगी अधिक लागतं. बीट रक्त वाढवतं म्हणतात, पण 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. फोलेट मात्र चांगलं असतं. आणि मुळा जमिनीखाली वाढतो म्हणून त्याला ‘जड’ समजू नये, त्यात 95 टक्के पाणी असतं.

उपवासाचं काय? साबुदाणा हाही कंदापासूनच होतो. टॅपिओकाच्या मुळाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च म्हणजे साबुदाणा, त्यात प्रथिनं नावालाच. त्याचे वडे तळले की उपवास कसला? त्यापेक्षा रताळ्याचा कीस जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट घालून चमचाभर तुपात वाफवावा. झाकणावर पाणी ठेवलं की तूप वाढवावं लागत नाही.

तेलाविना कंद चविष्ट होत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिवाळ्यात रायगडात जाऊन पोपटी खावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वरून मीठ आणि ओवा. पाणी नाही, तेलाचा थेंबही नाही. मडकं पालथं घालून भोवती जाळ केला की पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. कंदाला स्वतःची चव असते, हे पहिल्याच घासाला पटतं.

घरी रोजच्यासाठी मला तव्यावरचे काप सर्वांत सोयीचे वाटतात. सुरण किंवा रताळं बोटभर जाड कापून आधी उकडून घ्यावं (रताळं अर्धवट, सुरण मात्र पुढे सांगितल्याप्रमाणे पूर्ण), चाळणीत निथळून फडक्यावर कोरडं करावं, हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवावं. लोखंडी तवा चांगला तापवून दोन चमचे तेल पसरावं, एक बाजू सुटून येईपर्यंत काप हलवू नयेत. दोघांना पुरतील एवढे काप दोन चमचे तेलात होतात. रंग सोनेरी झाला की थांबावं. पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तापले की ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन तयार होतं, असं 2002 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. काप जितका करपट, तितकं ते जास्त. हे एअर फ्रायरलाही लागू आहे. उकडताना मात्र ते तयार होत नाही. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर त्यांच्यातली साखर वाढते आणि नंतर भाजताना-तळताना ॲक्रिलामाइडही वाढू शकतं. रताळी थंडीत ठेवली तर शिजवल्यावरही मध्ये टणक राहतात. दोन्ही टोपलीत, हवेशीर जागी ठेवावीत.

सुरण खाजतो म्हणून अनेक जण तो घरातच आणत नाहीत. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच हाताला आणि घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल चोळावं, फोडी चिंच किंवा आमसूल घातलेल्या भरपूर पाण्यात पूर्ण शिजवाव्यात आणि ते पाणी फेकून द्यावं. ‘गजेंद्र’ वाणाचा सुरण मिळाला तर तो फारसा खाजत नाही. ऑक्सलेटचे मुतखडे होऊन गेलेल्यांनी मात्र सुरण आणि बीट बेताने खावं. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असेल तर कोणताही कंद आपल्या डॉक्टरांना विचारूनच ताटात घ्यावा, आणि घेतला तर बारीक चिरून, जास्त पाण्यात उकडून, पाणी टाकून घ्यावा.