रामरक्षा येते, मग पाणी का मागत नाहीत?

पंचवटीतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. पक्षाघातानंतर वडिलांना ‘पाणी’ म्हणता येत नाही. दिवेलागणीला आईनं सुरुवात करून दिली की रामरक्षा मात्र घडाघडा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, मुद्दाम बोलत नाहीत. खरं काय?

मुद्दाम नाही, ताई. हा वाचाघात. पाणी मागायचं तर मेंदूला शब्द शोधून त्याचे ध्वनी जुळवावे लागतात, दर वेळी नव्यानं. पाठांतर म्हणजे रहाटगाडगं: पहिलं मडकं वर आलं की मागची आपोआप येतात. ‘बे साते किती?’ विचारलं की गप्प होणारे कित्येक जण ‘बे एके बे’पासून सुरू केलं की चौदापर्यंत पोचतात. आरत्या, वार, शिव्यासुद्धा अशाच तरतात.

भाषा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते, या शोधाचं श्रेय 1865 च्या निबंधासाठी पॉल ब्रोका यांना मिळतं. मला मात्र मार्क डॅक्स आठवतात. फ्रान्समधल्या सोमिएर या लहान गावचे हे डॉक्टर. वाचा गेलेल्या चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवून त्यांनी 1836 मध्येच हेच लिहून ठेवलं होतं! पुढच्याच वर्षी ते वारले. मुलानं, गुस्ताव्हनं, तो निबंध छापून आणेपर्यंत 1865 साल उजाडलं. गावच्या डॉक्टरची वही कोण वाचतो?

डाव्या मेंदूत इजा झाली की लुळी पडते उजवी बाजू. 1888 मध्ये महात्मा फुल्यांचा उजवा हात पक्षाघातानं असाच गेला. त्यांची भाषा वाचली. डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. प्रत्येकाचं नशीब असं नसतं. पण शब्द गेले तरी माणसांची ओळख, आठवणी, मानापमान बहुधा शाबूत असतात. म्हणून ‘नाटक करतात’ हे वाक्य वडिलांसमोर कुणी उच्चारू नये.

त्यांच्याशी ओरडून बोलू नका, त्यांना ऐकू येतं. ‘काय हवं?’ऐवजी पाण्याचा पेला आणि चहाचा कप समोर धरा, आणि उत्तराची वाट पाहा. त्यांचं वाक्य घाईनं पुरं करू नका. स्पीच थेरपिस्टकडे न्या, उशीर झाला असेल तरी न्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत 156 रुग्ण होते, सर्वांच्या पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेले. तीन आठवड्यांच्या कसून उपचारांनी त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं.