दराआडचा हिशेब

दर दोन महिन्यांनी मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेतून एक आकडा जाहीर होतो आणि सगळीकडे एकच चर्चा सुरू होते: गृहकर्जाचा हप्ता वाढणार की घटणार? चर्चा रास्तच आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे बँकांना एखाद्या बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात आणि बहुतेकांनी त्यासाठी रेपो दरच, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर, निवडला. पण रेपो हे भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कामाचे फक्त दिसणारे टोक आहे. त्यामागे आकडे गोळा करून त्यांचा अर्थ लावणारे संशोधन आहे आणि तो दर बाजारात टिकवून धरणारी रोजची देवघेव आहे. ही तिन्ही कामे परिणामकारक होतात ती बँक आपला हिशेब उघड मांडते आणि लोक तो मानतात म्हणून. हिशेब जिथे झाकला जातो, तिथे ही व्यवस्था कच्ची राहते.

संशोधन म्हणजे अहवालांची रद्दी, असा एक समज आहे. बँकेचा इतिहास तो खोटा ठरवतो. १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झालेल्या आणि १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या या बँकेने १९५१ मध्ये ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांची पाहणी झाली, तेव्हा दिसले की शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांच्या कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांकडून येतात आणि जवळपास सत्तर सावकारांकडून. या शोधाच्या आधारे समितीने शिफारस केली आणि १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नीट मोजलेल्या एका आकड्याने देशाच्या बँकव्यवस्थेची दिशा बदलली. आज बँक शहरी कुटुंबांना विचारते की, पुढच्या तीन महिन्यांत आणि वर्षभरात महागाई किती राहील असे तुम्हाला वाटते? लोकांचा अंदाज सरकारी आकड्यापेक्षा सहसा चढा असतो. तरीही तो महत्त्वाचा, कारण पगारवाढीची मागणी आणि दुकानातला भाव त्याच अंदाजावर ठरतात.

दर ठरवण्याची रीतही बदलली. पूर्वी अखेरचा शब्द गव्हर्नरचा असे. ऊर्जित पटेल समितीच्या २०१४ च्या अहवालानंतर २०१६ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि सहा जणांची पतधोरण समिती आली: तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ. उद्दिष्ट ४ टक्के महागाईचे, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा. मते समसमान पडली तर गव्हर्नरला निर्णायक मत. पण यातली सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे. प्रत्येक सदस्याला आपल्या मताचे कारण लेखी द्यावे लागते आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते. जून आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांपैकी जयंत वर्मा आणि आशिमा गोयल यांनी दरकपातीच्या बाजूने मत दिले. ते ४ विरुद्ध २ असे हरले, पण त्यांचे म्हणणे आजही कुणालाही वाचता येते. हरलेले मत नोंदले जाते, म्हणून जिंकलेल्यालाही आपले म्हणणे पुराव्याने मांडावे लागते.

नुसता दर जाहीर करून भागत नाही. बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे उसने देतात, त्या कॉल मनीचा सरासरी दर रेपोच्या आसपास राहावा लागतो. आगाऊ कर भरण्याची तारीख आली की बँकांतला पैसा सरकारच्या खात्यात जातो, बाजारात चणचण भासते आणि कॉल मनी महागते. मग रिझर्व्ह बँक लिलावाने पैसा पुरवते, आणि जास्त झाला तर तो ठेव म्हणून परत घेते. संकटात हेच काम मोठे होते. २७ मार्च २०२० रोजी रेपो ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आला आणि रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, एका टक्क्याने घटवून बँकांना सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये मोकळे करून दिले गेले. महिन्याभरातच फ्रँकलिन टेम्पल्टन या म्युच्युअल फंडाने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, तेव्हा म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खिडकी उघडली. त्यातली रक्कम फारच थोडी उचलली गेली, तरी घबराट ओसरली. पाठीशी कोण उभे आहे एवढे कळले की पुष्कळदा पैसा लागतच नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप असा की, रेपो वाढवल्याने लासलगावच्या बाजारातला कांदा स्वस्त होत नाही. २०१२ पाया वर्षाच्या ग्राहक निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भारांक ४५.८६ टक्के होता, मग पावसावर चालणाऱ्या भावांसाठी कर्जदाराला का शिक्षा? २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेही अन्न वगळून उद्दिष्ट ठेवण्याचा विचार मांडला होता. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. भाजीचा तुटवडा व्याजाने भरून निघत नाही, आणि चार आठवड्यांच्या भाववाढीवर दर हलवणे शहाणपणाचेही नाही. पण अन्नाची महागाई लांबली की ती अन्नापुरती राहत नाही; मजुरी, भाडे, हॉटेलचा दर सगळेच चढू लागतात. शिवाय ज्या घराची निम्मी मिळकत पोटात जाते, त्याला अन्न वगळलेली महागाई सांगणे म्हणजे थट्टाच. बँकेवर त्याचा विश्वास बसणार नाही, आणि विश्वासाविना रेपो हा नुसता आकडा आहे.

म्हणूनच २०२२ चा प्रसंग बोचतो. जानेवारी ते सप्टेंबर, सलग तीन तिमाही, महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. त्याच वर्षी ४ मे रोजी वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन बँकेने दरवाढ सुरू केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. उद्दिष्ट चुकल्याने कायद्याप्रमाणे सरकारला अहवाल देणे भाग होते; ३ नोव्हेंबरला त्यासाठी खास बैठक झाली, अहवाल गेला, पण लोकांसमोर आला नाही. बचाव असा की, तो सरकारशी झालेला पत्रव्यवहार आहे आणि कबुलीने बाजार बिथरेल. पण महागाई किती आहे हे बाजाराला आधीच माहीत होते. त्याला हवे होते कारण आणि उपायाची मुदत. ब्रिटनमध्ये असे उद्दिष्ट चुकले की बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर अर्थमंत्र्याला जाहीर पत्र लिहितो, आणि त्यामुळे तिथले पतधोरण कोलमडलेले नाही. प्रत्येक सदस्याच्या मताचे कारण चौदा दिवसांत छापायला लावणाऱ्या कायद्याने संपूर्ण संस्थेच्या अपयशाचे कारण मात्र बंद पाकिटात ठेवू द्यावे, ही विसंगती आहे. ती दूर करायला नवे खाते लागत नाही की पैसा. अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा, एवढे एक कलम पुरे.